यादीतला अकरावा

सहा ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची आमटी, एक सुकी भाजी आणि ठेचा. माझ्या डब्यात काय असतं हे लातूर-नांदेड गाडीने रोज ये-जा करणाऱ्या निम्म्या लोकांना पाठ होतं, कारण तो डबा त्यांच्या पायापाशी बसून प्रवास करायचा.

माझे बाबा एसटीत वाहक. सकाळची नांदेड गाडी बरीच वर्षं त्यांच्याकडे होती, दुपारी तीच घेऊन ते लातूरला परतायचे. मी नांदेडला कॉलेजात गेलो तेव्हापासून माझा डबा त्या गाडीने येऊ लागला. यात विशेष काही नाही. आमच्याकडे शिकायला शहरात राहिलेल्या पोरांचे डबे गावच्या पहिल्या गाडीला चढतात, ड्रायव्हरच्या मागे ओळीने बसतात आणि पोरं स्टँडवर येऊन आपापला उचलून नेतात. माझा तेवढा वाहकाच्या सीटखाली असायचा. तो इतरांच्या दुप्पट होता आणि नव्याने पास काढलेला एखादा माणूस हटकून विचारायचा, "मास्तर, एवढा डबा कुनाचा हो?" वाहकाला आमच्याकडे मास्तर म्हणतात. बाबा या प्रश्नाची वाटच बघत असायचे.

"पोराचा. सहा भाकरी लागतेत त्याला. सहा फूट चार इंच हाय. बास्केटबॉल खेळतंय."

घरी हाच माणूस दिवसभरात दहा वाक्यं बोलत नसे.

लातुरात राहून पोराला बास्केटबॉल खेळू देणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. आमच्या शहरात पोरगं हुशार असेल तर डॉक्टर होतं आणि कमी हुशार असेल तर दोनदा परीक्षा देऊन डॉक्टर होतं. चौकाचौकात पोरापोरींचे फोटो आणि त्यांच्याखाली नंबर. कुणी राज्यात चौथा, कुणी देशात नव्वदावी. माणसाला आम्ही नंबरावरून ओळखतो. माझा कधी नंबर आला नाही. बारावीची शिकवणी मी अर्ध्यात सोडली आणि नांदेडला बी.ए.ला नाव घातलं, कारण तिथे सिमेंटचं एक बरं कोर्ट होतं आणि त्यावर पोरांना सकाळ-संध्याकाळ पळवणारे एक सर होते. मामा घरी येऊन बाबांना म्हणाले, "दाजी, पोरगं वाया चाललं. उंची बघून पोलिसात तरी घाला." बाबा म्हणाले, "बघू की." हे 'बघू की' त्यांनी पाच वर्षं पुरवलं. या पाच वर्षांत त्यांनी मला एकदाही विचारलं नाही, की खेळून पुढे काय. विचारलं असतं तर बरं झालं असतं. मला उत्तर तरी शोधावं लागलं असतं.

मग ती लीग आली. पगारी खेळाडूंची, टीव्हीवर दिसणारी, सहा शहरांचे सहा संघ असलेली. तिचा दरवर्षी ड्राफ्ट व्हायचा. म्हणजे आधी चाचण्या घेऊन नव्या खेळाडूंची एक मोठी यादी करायची, आणि मग एके दिवशी सगळ्या संघांच्या लोकांनी एका हॉलात बसून, आळीपाळीने, त्या यादीतलं एकेक नाव उचलायचं. मागच्या वर्षी तळाला राहिलेल्या संघाला पहिली पाळी. दहा फेऱ्या, साठ नावं. यादी मात्र दोनशेच्या आसपास. ज्यांची नावं उचलली ते खेळाडू झाले, उरलेले आपापल्या घरी. सरांनी माझा फॉर्म भरला आणि मला पुण्याला चाचणीसाठी पाठवलं.

तिथे माझ्यापेक्षा उंच माणसं मोजायला मला दोन्ही हातांची बोटं पुरली नाहीत. लातूरच्या दरवाजांनी वर्षानुवर्षं डोक्याला लागून जे माझ्या मनात भरवलं होतं ते एका सकाळीत उतरलं. एकाने टेपने उंची मोजली, हात पसरवून हात मोजले, उडी मोजली, आणि दोन दिवस आम्हाला आपसात खेळवलं. मी आजवर रिंगखाली उभा राहून खेळलो होतो, कारण आमच्याकडे मला तिथून हलवणारं कुणी नव्हतं. तिथे मला कुणी उभंच राहू देईना. शेवटच्या दिवशी पाहणाऱ्यांपैकी एक वयस्कर गृहस्थ मला बाजूला घेऊन गेले आणि समजुतीने म्हणाले, की रिंगखाली खेळायला तू कमी पडतोस आणि लांबून चेंडू टाकायला तुझा हात तयार नाही. चार वर्षं आधी भेटला असतास तर काही करता आलं असतं. मी त्यांचे आभार मानले. मला भयंकर रागही आला. त्या रागाचं काय करायचं ते न कळून परतीच्या गाडीत मी झोपून गेलो.

म्हणजे मला तेव्हापासून माहीत होतं. हे मी आत्ताच सांगून टाकतो. लपवायचं तेवढं माझं लपवून झालेलं आहे.

तीन आठवड्यांनी यादी आली. चाचणी दिलेल्या जवळजवळ सगळ्यांची नावं तिच्यात होती, आडनावाच्या इंग्रजी अक्षरांप्रमाणे लावलेली. माझं आडनाव पहिल्याच अक्षराचं, म्हणून माझा अनुक्रमांक अकरा. मी ती यादी सरांना पाठवली आणि बाबांना पाठवली. सरांचा फोन लगेच आला. "यादी म्हणजे नुसती नावं हायेत, ध्यानात घे. पक्कं काई न्हाई. घरी नीट समजावून सांग." मी म्हटलं, हो सर.

बाबांचा फोन यायला दोन तास लागले. गाडी लातूरला लागल्यावर त्यांनी केला असणार, मागे स्टँडचा कल्ला ऐकू येत होता.

"अकरावा!" ते ओरडूनच बोलत होते. "अकरावा नंबर आला रे तुजा! भारतात!"

आमच्याकडे यादी म्हणजे निकाल. पोलीस भरतीची यादी लागते, तलाठ्याची लागते, मेडिकलची लागते. जो यादीत आहे तो लागला, जो नाही तो राहिला, आणि नावाच्या आधी जो आकडा आहे तो त्याचा नंबर. ज्यांची निवड अजून व्हायचीच आहे अशा माणसांचीही कुणी यादी काढतं, हे आमच्या वस्तीत कुणाला सुचणं शक्य नव्हतं. ही चूक बाबांनी एकट्याने केली नाही. डेपोतल्या लोकांनी, शेजाऱ्यांनी, मला पोलिसात घालायला निघालेल्या मामांनीसुद्धा ती यादी तशीच वाचली. बरोबर वाचणारा त्या घरात मी एकटा होतो, आणि मी फोनवर म्हणालो, हो बाबा.

एका दिवसात दोघांना हो म्हणून मी मोकळा झालो. दोन्ही हो एकाच वेळी खरे असणं शक्य नव्हतं, पण तेव्हा मी इतका खोलात गेलो नाही. मला वाटलं, सुट्टीला घरी गेलो की निवांत सांगू.

घरी गेलो तर वस्तीच्या कोपऱ्यावर फ्लेक्स लागलेला. त्यावर मी, हातात चेंडू घेतलेला, पाठीमागे कुठल्यातरी परदेशातलं स्टेडियम, आणि खाली माझ्या डोक्याएवढ्या अक्षरांत 'भारतात ११ वा'. शेजारच्या चौकातल्या डॉक्टर होऊ घातलेल्या पोरांच्या फ्लेक्सपेक्षा तो हातभर मोठा होता. वस्तीने तसा सांगूनच करून घेतला होता. मी त्याच्याखाली उभा राहिलो तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल तर, फोटो चांगला आलाय. माणूस किती हलका असतो ते सांगायला मला दुसऱ्या कुणाचं उदाहरण लागत नाही.

रविवारी विहारात वंदना झाल्यावर सत्कार होता. पांढऱ्या साड्यांतल्या बाया पुढे बसल्या होत्या, बाप्ये मागे उभे. शाल, हार, पेढे. मग कुणीतरी बाबांच्या हातात माइक दिला. रोज पन्नास माणसांना 'पुढं सरका' म्हणून ओरडणाऱ्या माझ्या बापाला त्या माइकवर आवाज फुटेना. शेवटी ते म्हणाले, "लोकं म्हनायचे पोरगं वाया गेलं. मी कुनाला काईच म्हनलो न्हाई. आता बी म्हनत न्हाई." आणि त्यांनी माइक माझ्याकडे दिला. मायचे डोळे भरून आले होते. पहिल्या रांगेत मामा टाळ्या वाजवत होते, आणि माझ्या बाबांच्या खिशात त्या यादीचं पहिलं पान होतं, झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून आणलेलं.

एक वाक्य बोलायचं होतं. ते माझ्याकडे तयार होतं. 'ही निवड नाही, निवड अजून व्हायची आहे.' मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "सगळ्यांचे मनापासून आभार."

ड्राफ्टचा दिवस शनिवार होता. शनिवारी अर्ध्या दिवसाच्या शाळा, म्हणून ये-जा करणारे शिक्षक दुपारच्या गाडीलाच असतात. बाबांनी रजा काढली नाही. त्यांचा बेत वेगळा होता. मी नांदेडहून त्यांच्याच गाडीत बसायचं, फोनवर ड्राफ्ट लावायचा, सगळ्या गाडीने तो बघायचा आणि संध्याकाळी लातूरला पोचेपर्यंत मी कुठल्या शहराचा झालो ते कळलेलं असायचं. वस्तीत हलगीवाले सांगून ठेवले होते. मी नको म्हणायला पाहिजे होतं. मी वाहकाच्या मागच्या सीटवर, खिडकीकडे बसलो.

गाडी नांदेडच्या बाहेर पडली तेव्हा पहिली फेरी सुरू झाली. रोजच्या नर्सबाई होत्या, दवाखान्यातून सुटून अहमदपूरला घरी जाणाऱ्या. त्यांनी माझा फोन घेतला आणि पुढच्या सीटच्या दांडीला टेकवून सगळ्यांना दिसेल असा धरला. अहमदपूरचेच एक गणिताचे गुरुजी होते, त्यांनी बाबांकडून लॅमिनेट केलेलं पान मागून घेतलं. बाकी यादी मी त्यांना फोनवर पाठवावी असा हुकूम झाला. म्हणजे नाव पुकारलं की ते नंबर सांगणार. नर्सबाईंकडून फोन तेवढ्यापुरता घेऊन मी पाठवली. न पाठवायला मला काही कारण सांगता आलं नसतं.

हॉलातल्या माणसाने पहिलं नाव पुकारलं. टोपी घालून एक पोरगा स्टेजवर आला, त्याच्या हातात जर्सी दिली.

"एकशे त्रेचाळीस," गुरुजी म्हणाले.

गाडीत जरा चुळबुळ झाली. "एकशे त्रेचाळीसवाला पयला कसा?" मागून कुणीतरी विचारलं.

बाबा तिकिटाचं मशीन छातीशी धरून वाटेत उभे होते. "वरच्या नंबराच्याला मागून घेत असतील," ते म्हणाले. "चांगला माल राखून ठिवतेत."

लोकांना ते पटलं. दुसरं नाव सदुसष्ट नंबरचं आलं. मग एकशे ऐंशी. मग कुणीतरी नऊ नंबरचं आलं आणि सगळी गाडी एकदम ओरडली. "नऊ आला! आता धा, मंग आपला!" एका म्हाताऱ्या बाबाने पिशवीतून केळी काढून एक मला दिलं. मी ते हातात धरून बसलो. पुढचं नाव चौतीस नंबरचं होतं.

दुसऱ्या फेरीच्या सुमाराला मी गुरुजींकडे बघितलं. त्यांचं बोट आता नंबरांवर नव्हतं. आडनावांच्या रांगेवरून ते हळूहळू खाली चाललं होतं, अकरा, बारा, तेरा. तळाशी पोचून बोट थांबलं. गणिताचा माणूस, त्याला कितीसा वेळ लागणार? त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि मी केळं सोलायला लागलो. त्यांना जे कळायचं ते कळलं. ते पान त्यांनी मांडीवर उलटं ठेवलं.

"नंबर सांगा की गुरुजी," मागून आवाज आला.

"बारीक छापलंय," गुरुजी म्हणाले. "चष्मा न्हाई आनला." चष्मा त्यांच्या नाकावर होता. पण मागच्यांना त्यांची पाठच दिसत होती.

लोहा मागे पडलं आणि सातव्या फेरीत रेंज गेली. पडद्यावर एका पोराचा हात जर्सीकडे निघाला होता, तो तसाच राहिला. नर्सबाईंनी फोन खिडकीबाहेर धरून पाहिला. कुणी आपापले फोन काढले, कुणाचाच लागेना. त्या वीस-पंचवीस मिनिटांत गाडीत जे बोलणं चाललं होतं ते मला अजून आठवतं. मुंबईचा संघ घेईल की हैदराबादचा. हैदराबाद जवळ पडेल, डबा रेल्वेने पाठवता येईल. बाबा यावर गंभीरपणे म्हणाले, "तिथं भात खातेत. भाकरीचं बगावं लागंल." मला त्यांच्यावर चीड येत होती. इतकं भोळं कुणी असतं का? मग वाटायचं, भोळं कुठे, त्यांना मी सांगितलेलं नाही. चीड पुन्हा फिरून माझ्यावर यायची. एवढा वेळ एका जागी बसून मी इतका कधी थकलो नव्हतो.

अहमदपूरच्या अलीकडे रस्त्याला एक चहाचं हॉटेल आहे, तिथे हमखास रेंज येते. ड्रायव्हरने न सांगता गाडी तिथे उभी केली. एसटी अशी कुणासाठी थांबत नाही. पण एकही माणूस उशीर होतोय म्हणाला नाही. उतरलेही नाहीत. चहा हॉटेलातच राहिला आणि चाळीस माणसं फोनपाशी गोळा झाली.

दहावी फेरी चालू होती. पाच नावं उरली होती, मग तीन. मला माहीत होतं, तरी शेवटच्या दोन नावांना मी पुढे वाकून बसलो. मला वाटलं, कुणास ठाऊक, एखाद्याने चुकून उचललं तर? चूक काय फक्त आमच्याकडेच होते? साठावं नाव पुकारलं. ते माझं नव्हतं. संगीत वाजलं, हॉलातले लोक एकमेकांना मिठ्या मारू लागले, आणि सूत्रसंचालक सगळ्यांचे आभार मानू लागला. नर्सबाईंचा हात अवघडला असणार, पण त्यांनी फोन खाली घेतला नाही.

"उद्याच्याला आसंल ऱ्हायलेलं," तो केळंवाला म्हातारा म्हणाला.

बाबा दारापाशी गेले होते. घंटीच्या दोरीवर हात ठेवून ते माझ्याकडे बघत होते.

"झालं का?"

"झालं."

"तुजं?"

"न्हाई."

त्यांनी दोरी दोनदा ओढली. टिंग टिंग. गाडी निघाली. गुरुजी अहमदपूरला उतरताना ते पान बाबांच्या हातात देऊन म्हणाले, "पोरगं चांगलं खेळतंय, मास्तर." त्यांनी मला कधी खेळताना पाहिलेलं नव्हतं. बाबांनी पान बॅगेत ठेवलं आणि चाकूरपर्यंत कुणाशी एक शब्द न बोलता तिकिटं दिली.

लातूरला उतरल्यावर ते माझ्या पुढे चालत वस्तीत गेले. हलगीवाले उठून उभे राहिले तेव्हा त्यांनी हातानेच बसा म्हणून सांगितलं. "औंदा न्हाई झालं," एवढंच बोलले. मायने पुरण घातलं होतं. ते आम्ही खाल्लं, टाकून कसं द्यायचं? लोकांनी माझ्यादेखत अवाक्षर काढलं नाही आणि मी आत गेलो की ओट्यावर बोलणं सुरू व्हायचं. मामा तर पंधरा दिवस आले नाहीत. आमच्याकडे फ्लेक्स कुणी उतरवत नाही, त्याच्यावर दुसरा चढतो. माझ्यावर चार महिन्यांनी कुणाचा तरी वाढदिवस चढला. तोवर मी त्या कोपऱ्यावरून मान खाली घालून जायचो, आणि माझ्या उंचीच्या माणसाने मान खाली घातली तरी तो लपत नाही.

बाबांनी ते लॅमिनेट केलेलं पान फाडायचा प्रयत्न केला होता, असं मायने मला नंतर सांगितलं. लॅमिनेशन फाटत नाही. नुसतं दुमडतं.

मला नांदेडात एका शाळेत खेळाच्या शिक्षकाची तात्पुरती नोकरी लागली. सरांनीच लावून दिली. ड्राफ्टबद्दल त्यांनी फक्त एवढंच विचारलं होतं, "घरी सांगितलं होतंस न?" मी म्हटलं, हो सर. डबा येत राहिला. बाबा स्टँडवर डबा खाली द्यायचे, रिकामा घ्यायचे. पूर्वी ते पाच मिनिटं थांबून गाडीतल्या गमती सांगायचे, आता "चल" म्हणायचे. मी समजलो, वय झालं.

दिवाळीनंतर एक दिवस गाडी लागली आणि डबा वेगळ्याच हाताने खाली आला. तरुण वाहक होता, ओळखीचा नव्हता.

"बाबा रजेवर आहेत का?" मी विचारलं.

"तुमाला न्हाई सांगितलं?" तो गोंधळला. "त्यांनी अर्ज देऊन गाडी बदलून घेतली. जळकोटच्या फेऱ्या मारून राहिलेत आता. डेपोत सगळे म्हनले, एवढा सीनियर मानूस, लांबची चांगली गाडी सोडून हे कामून मागून घेतलं?"

"कामून?"

त्याने माझ्या हातातला रिकामा डबा घेतला. मग म्हणाला, "रोज कोनीतरी इचारायचंच की हो. मास्तर, पोरगं कोन्त्या टीमला लागलं? टीव्हीवर कदी दिसायचं? जुन्यांला ठावं हाय, नव्यांला न्हाई. अर्ध्या इलाक्याला त्यांनीच तर सांगून ठिवलं होतं. किती जनांला न्हाई म्हनावं मानसानं?"

त्या दिवशी मी भाकरी तशाच परत पाठवल्या. दुसऱ्या दिवशी माय फोनवर ओरडली, म्हणून पुन्हा खायला लागलो.

पुढच्या रविवारी मी लातूरला गेलो आणि घरी न जाता स्टँडवर जळकोट गाडीत बसलो. बाबांनी मला बघितलं, आश्चर्य दाखवलं नाही. ही गाडी लहान गावं घेत जाते. दर दोन मैलांना कुणी हात करतं, कुणाचं गाठोडं, कुणाची कोंबडी. इथे त्यांना नावाने ओळखणारं कुणी नव्हतं. जरा गर्दी उतरल्यावर ते त्यांच्या जागेवर येऊन बसले आणि मी शेजारी सरकलो. इतके महिने जे तयार होतं ते मी बोललो. म्हटलं, बाबा, ती यादी निवडीची नव्हती. नंबर आडनावाच्या अक्षरावरून होता. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पुण्यातच मला सांगितलं होतं, होणार नाही म्हणून.

एक थांबा आला. त्यांनी उठून एकदा दोरी ओढली, एका बाईचं गाठोडं उतरवून दिलं, दार लावलं, दोनदा दोरी ओढली आणि परत येऊन बसले.

"मला सांगायचं न लेका," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. मी राग गृहीत धरून आलो होतो, त्याची तयारी केली होती. "मी गाडीत न्हाई बोललो असतो. घरी बसून बगितलं असतं. तू, मी आन् तुजी माय."

मी पुढच्या सीटची दांडी धरून बसलो.

पुढच्या थांब्याला एक माणूस चढला. तिकीट घेताना त्याने माझ्याकडे खालून वर बघितलं, सगळेच बघतात तसं, आणि हसून विचारलं, "मास्तर, हे कोन हो? लईच उंच हायेत."

बाबांनी मशीनमधून तिकीट फाडून त्याच्या हातात दिलं.

"पोरगा हाय," ते म्हणाले आणि पुढच्या सीटकडे गेले. भाकरीचं काही बोलले नाहीत.